दुर्मुख संवत्सर: इसवी १२९६ मधील घडामोडी, मृत्यू आणि जन्म

इसवी सन १२९६ मराठी माणसाला दोन घटनांसाठी ठाऊक असते, पण त्या दोन घटना सहसा एका दमात आठवल्या जात नाहीत. अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली ती या वर्षी, आणि ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली तीही याच वर्षी. पहिली गोष्ट शाळेतल्या सनावळीत पाठ केली जाते, दुसरी तिथीने पाळली जाते. दोहोंत सात-आठ महिन्यांचेच अंतर आहे, हे मग ध्यानात येत नाही.

याला कालगणनाही कारणीभूत आहे. दिल्लीकडचे बखरकार हिजरी सन देतात, मराठी परंपरा शक आणि संवत्सर देते, आणि आजचा वाचक इसवी सन धरून चालतो. हिजरी ६९५ नोव्हेंबर १२९५ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर १२९६ मध्ये संपले. शके १२१८ मार्च १२९६ मध्ये लागले आणि पुढच्या फाल्गुनापर्यंत चालले. या शकाचे संवत्सरनाम दुर्मुख. साठ नावांच्या फेऱ्यात ते मन्मथानंतर ओळीनेच येते, त्यात कोणाचे भविष्य नाही. तरी त्या वर्षी देवगिरीत ज्याने घर लुटलेले पाहिले, त्याला ते नाव चपखल वाटले असेल. जुन्या मराठी पुस्तकांत देवगिरीच्या स्वारीचे साल १२९४ दिलेले आढळते. अमीर खुस्रोने 'खजाइनुल फुतूह'मध्ये मात्र अलाउद्दीन कड्याहून निघाल्याची तारीख १९ रबी-उल-आखिर ६९५ अशी दिली आहे. ती फेब्रुवारी १२९६ च्या अखेरीस येते, आणि आज अभ्यासक हीच धरतात. खुस्रो त्या दरबारातला, उलट इतिहासकार फेरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा. तारखेपुरता तरी पहिल्याचा शब्द अधिक वजनाचा आहे.

अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. सुलतान जलालुद्दीन खिलजीचा तो पुतण्या आणि जावई, गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार. चंदेरीकडे जातो असे काकाला भासवून त्याने काही हजार घोडेस्वार घेतले आणि विंध्य ओलांडला. मागे कड्यात अलाउल्मुल्क नावाचा नायब ठेवला. या नायबाचे काम म्हणजे दिल्लीला वेळोवेळी गोलमाल खबरा पाठवत राहणे. त्याने ते चोख केले. हा अलाउल्मुल्क म्हणजे इतिहासकार जियाउद्दीन बरनीचा चुलता. कटाच्या इतक्या आतल्या गोष्टी बरनीला कशा कळल्या, याचे उत्तर त्याच्या घरातच आहे.

अचलपुरास पोचल्यावर अलाउद्दीनने हूल उठवली, की चुलत्याशी बिनसल्यामुळे आपण तेलंगणातल्या एका राजाकडे चाकरीला निघालो आहोत. तेरा-चौदाव्या शतकात असे रुसलेले सरदार वाटेवर भेटत असत. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. लासूरजवळच्या घाटात कान्हा नावाच्या यादव सरदाराने त्याला अडवले. इतिहासकार इसामी सांगतो की कान्ह्याच्या बाजूने दोन स्त्रियाही लढल्या आणि त्यांनी पहिला हल्ला परतवून लावला. त्यांची नावे त्याने लिहिलेली नाहीत.

देवगिरीचा राजा रामचंद्रदेव, लोकांच्या तोंडचा रामदेवराव, त्या दिवसांत जवळपास फौजेविना होता. युवराज शंकरदेव सैन्य घेऊन दूर गेलेला. रामदेवरावाने मिळतील ती माणसे गोळा करून सामना दिला, तो हरला आणि किल्ल्यात शिरला. खाली शहर उघडे पडले. व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली, हत्ती-घोडे धरले गेले. पाठोपाठ दिल्लीची वीस हजारांची फौज येत आहे अशी आणखी एक हूल अलाउद्दीनने सोडली. रामदेवरावाने खंडणी कबूल केली. एवढ्यात शंकरदेव परतला आणि बापाचा निरोप झुगारून लढाईला उभा राहिला. सुरुवातीला पारडे त्याच्याकडे झुकत होते. किल्ल्यावर नजर ठेवायला मागे राहिलेला अलाउद्दीनचा सरदार नुसरतखान आपले हजारभर स्वार घेऊन धावत आला. उडालेल्या धुळीतून दिसणारे ते स्वार म्हणजेच दिल्लीची फौज, असा यादव सैन्याचा समज झाला आणि त्याने पाठ फिरवली. हुलीनेच लढाई जिंकून दिली.

यानंतर फेरिश्त्याने मिठाची गोष्ट सांगितली आहे. स्वारीची बातमी येताच कोकणातून आलेले व्यापारी आपल्या गोण्या किल्ल्याजवळ टाकून पळाले होते. त्या घाईघाईने आत ओढून घेण्यात आल्या. वेढा लांबला तेव्हा गोण्या उघडल्या, तो धान्याच्या जागी मीठ. उपासमार समोर दिसताच राजाने जड अटी मान्य केल्या. गोष्ट जरा सोयीची वाटते. धान्याची गोणी आणि मिठाची गोणी यांतला फरक हमालाला हात लावताच कळतो: मीठ वजनाला जड, शिवलेल्या तोंडाशी पांढरा खार धरलेला, आणि गोणपाट हाताला ओलसर लागणारे. हजारो गोण्या पाठीवरून चढवणाऱ्या माणसांपैकी एकालाही शंका आली नसेल, हे पटायला कठीण आहे. एवढा बळकट किल्ला इतक्या लवकर नमला कसा, या प्रश्नाला नंतरच्यांनी शोधलेले उत्तर म्हणूनही ती चालते. पण गोष्टीचा पाया खरा आहे. कोकणचे मीठ देशावर जात होते, आणि देवगिरीच्या बाजारात कोकणी व्यापारी ही रोजची बाब होती.

ते मीठ चढायचे ते सह्याद्रीच्या घाटांनी, आणि उत्तर कोकणातले मोठे घाट आजच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतून वर जातात. मुरबाडमधल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट जुन्नरकडे चढतो. त्याच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे आजही प्रत्येक जण सांगतो. शेजारी माळशेज. शहापूरच्या टोकाला कसाऱ्यावरून थळघाट नाशिककडे निघतो. खाली कल्याण, ठाणे आणि खाडीकाठची मिठागरे. वर कापूस आणि धान्य. मधल्या पट्ट्यात भातसा आणि काळू या नद्या, साग-ऐनाचे जंगल आणि बैलांच्या तांड्यांचे उतारे. शहापूर-किन्हवली रस्त्यावरचे शेणवा हे गाव याच पट्ट्यातले. इथल्या पाड्यांवर अलीकडेपर्यंत बाजारातून विकत आणायची वस्तू म्हणजे पहिल्याने मीठ; बाकी बरेचसे रानातून आणि शेतातून निघे. तेराव्या शतकात यापेक्षा वेगळे असण्याचे कारण नाही.

हा सारा मुलूख १२९६ मध्ये यादवांचा होता, पण फार दिवसांपासून नव्हे. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा यादव महादेवाने १२६५ च्या सुमारास पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, असे हेमाद्रीच्या ग्रंथातली प्रशस्ती सांगते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर कोरलेली गलबतांची लढाई याच प्रसंगाची असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्यानंतर देवगिरीचे अधिकारी ठाण्याला बसू लागले. ठाण्याला सापडलेल्या दोन ताम्रपटांत त्यांची नावे येतात: शके ११९४ मध्ये अच्युत नायक आणि शके १२१२ मध्ये कृष्णदेव. शके १२१२ हेच नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाल्याचे साल, आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटीही राजा म्हणून रामचंद्राचेच नाव आहे. एकाच राजाचे नाव एकाच वर्षी ठाण्यात तांब्यावर कोरले जात होते आणि नेवाशात ओवीत गुंफले जात होते. व्हेनिसचा मार्को पोलो १२९५ मध्ये घरी पोचला, त्याच्या वृत्तांतातही ठाण्याचे राज्य आहे: कातडी आणि सुती कापडाचा मोठा व्यापार, आणि चाच्यांशी संगनमत करून परक्या गलबतांवरचे घोडे मिळवणारा राजा.

देवगिरीच्या पराभवाचे पडसाद कोकणात कसे उमटले ते 'महिकावतीची बखर' सांगते. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये छापली. तिच्यानुसार यादव घराण्यातला बिंबदेव या धामधुमीत कोकणात उतरला आणि माहीमला राज्य करू लागला. त्याच्याबरोबर आलेल्या कुळांच्या याद्या बखरीत आहेत, आणि पाचकळशी, पाठारे प्रभू वगैरे समाज आपले मूळ तिथे शोधतात. बखरीत दोन वेगळ्या काळांतले बिंब एकमेकांत मिसळलेले आहेत, तेव्हा तिच्यातले साल घट्ट धरण्यात अर्थ नाही. वरचे राज्य डळमळले की माणसे घाट उतरतात, एवढे मात्र तिच्यातून घ्यावे.

अलाउद्दीन जूनच्या सुरुवातीला कड्याला परतला. फेरिश्त्याच्या हिशेबाने लूट अशी: सोने सहाशे मण, मोती सात मण, रत्ने दोन मण, चांदी हजार मण, रेशमी वस्त्रे चार हजार, शिवाय अचलपूर प्रांताचा वसूल दर वर्षी. मणाचा आकडा वाचताना थांबायला हवे. तेव्हाचा दिल्लीचा मण चाळीस शेरांच्या पुढच्या मणाच्या निम्म्याहूनही हलका होता. तेवढे धरूनही ही रास प्रचंड होते, आणि तिचे पुढे काय झाले हाच या वर्षाचा दुसरा भाग.

जलालुद्दीन तेव्हा ग्वाल्हेरकडे होता. पुतण्याला वाटेतच, चंदेरीजवळ गाठावे असा सल्ला त्याचा सरदार अहमद चप याने दिला. म्हाताऱ्या सुलतानाने तो ऐकला नाही आणि दिल्लीला परतला. अलाउद्दीनचा भाऊ अलमासबेग दिल्लीत होता. त्याने पटवले, की न विचारता स्वारी केल्याने पुतण्या भेदरला आहे, विष जवळ बाळगून बसला आहे, तुम्ही स्वतः जाऊन अभय दिलेत तरच वाचेल. रमजानचा महिना, पावसाळ्याचे दिवस, गंगा दुथडी भरलेली. सुलतान नावेने निघाला. अलमासबेगने आणखी गळ घातली, तेव्हा त्याने बरोबरची फौज मागे ठेवली आणि सोबत्यांची शस्त्रेही उतरवली. पैलतीरावर हत्यारबंद स्वार उभे दिसत होते. नावेत तो कुराण वाचत बसला होता, असे बरनी लिहितो. कड्याच्या काठावर पाय ठेवून त्याने पुतण्याच्या गालावर मायेने चापटी मारली, आणि तेवढ्यात खुणेसरशी मुहम्मद सालीमने वार केला. दुसऱ्याने डोके उतरवले. हिजरी ६९५ च्या रमजानची १७ तारीख, म्हणजे जुलै १२९६. ते डोके भाल्यावर लावून कडा-माणिकपुरात मिरवण्यात आले. बरनी इथे शिव्याशाप दिल्यावाचून राहत नाही.

दिल्लीत विधवा मलिका-ए-जहानने धाकट्या मुलाला रुक्नुद्दीन इब्राहीम म्हणून गादीवर बसवले. थोरला अर्कलीखान मुलतानात होता आणि आईवर रुसून तिथेच राहिला. हे घरचे भांडण अलाउद्दीनला फायद्याचे ठरले. भर पावसात तो दिल्लीकडे निघाला. प्रत्येक मुक्कामावर छोट्या मंजनिकातून, म्हणजे एरवी किल्ल्यांवर दगड फेकायच्या यंत्रातून, पाच-पाच मण सोन्याच्या चांदण्या गर्दीवर उधळल्या जात. बदायूनला पोचेतो त्याच्यामागे छप्पन्न हजार स्वार आणि साठ हजार पायदळ जमले, असा बरनीचा आकडा आहे. त्याला अडवायला धाडलेले सरदारही सोने घेऊन इकडे आले. ऑक्टोबरात तो दिल्लीत शिरला. वर्ष संपता संपता उलुघखान आणि जफरखान मुलतानवर चालून गेले आणि जलालुद्दीनच्या मुलांचा निकाल लागला. उलुघखान म्हणजे तोच अलमासबेग, नव्या पदवीसह. दिल्लीचे तख्त देवगिरीच्या सोन्याने विकत घेतले गेले, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. ज्यांनी जुन्या धन्याला सोन्यासाठी सोडले त्या बहुतेक सरदारांना पुढे अलाउद्दीनने स्वतःच कैद केले वा आंधळे केले.

याच सुमारास गुजरातेत कर्ण वाघेला गादीवर आला. तीन वर्षांत दिल्लीची फौज त्याच्यावर गेली आणि त्याने आसरा घेतला तो रामदेवरावाकडे. हिंदुस्थानाबाहेर हे वर्ष राजांना फारसे मानवले नाही. पोलंडचा राजा दुसरा प्शेमिस्ल फेब्रुवारीत मारला गेला, हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस जूनमध्ये आपल्याच उमरावांकडून. पोपपद आपणहून सोडणारा पाचवा सेलेस्टीन १९ मे रोजी कैदेत वारला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने डनबारला २७ एप्रिलला स्कॉटलंडचा पराभव केला आणि तिथला राज्याभिषेकाचा दगड लंडनला नेला. तो परत गेला १९९६ मध्ये, बरोबर सातशे वर्षांनी. फ्लोरेन्समध्ये ८ सप्टेंबरला मोठ्या कॅथीड्रलची कोनशिला बसली. ऑगस्टमध्ये चिनी वकिलातीबरोबर चौ ताक्वान कंबोडियातील अंकोरला पोचला. तिथल्या रोजच्या जगण्याचे, बाजारात बसणाऱ्या बायकांपासून न्हाणीघरांपर्यंतचे, प्रत्यक्ष पाहून लिहिलेले वर्णन एकट्या त्याचेच उरले आहे. देवगिरीच्या बाजाराला असा पाहुणा लाभला नाही.

ज्ञानेश्वरांची आळंदीची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८ ची. अलाउद्दीनचे दिल्लीत बस्तान बसत होते ते हेच दिवस. समाधीचे वर्णन येते ते नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून, आणि त्यातले बारकावे कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत: इंद्रायणीकाठचे सिद्धेश्वराचे देऊळ, नंदी बाजूला सारून उघडलेले विवर, नामदेवांच्या चार मुलांनी, नारा, विठा, गोंदा आणि महादा यांनी, झाडून सारवलेली आतली जागा, तुळस-बेलाचे अंथरूण, आणि हात धरून आत नेऊन बसवणारे थोरले भाऊ निवृत्तिनाथ. शेवटी दाराशी शिळा लावायची वेळ आली तेव्हा निवृत्तिनाथ, जे भाऊ आणि गुरूही होते, आवरता आवरेनात, असा प्रसंग कीर्तनात रंगतो. देवगिरीच्या पाडावाचा उल्लेख या वर्णनात येत नाही. त्यावरून संतांना राजकारणाचे सोयरसुतक नव्हते असा निष्कर्ष काढायची सवय आहे, तो घाईचा आहे. समाधीच्या अभंगांचा विषय समाधी आहे. शिवाय १२९६ मध्ये रामदेवरावाचे राज्य गेले नव्हते. ते मांडलिक होऊन पुढे पंधराएक वर्षे चालले, आणि यादवांचा शेवट १३१८ मध्ये हरपालदेवाबरोबर झाला.

महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, धाकटे भाऊ सोपानदेव यांनी सासवडला कऱ्हेकाठी देह ठेवला. दुर्मुख संवत्सर फाल्गुनात संपले. तापीकाठी बहीण मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ यांचे जाणे पुढच्या शकातले, १२१९ च्या वैशाख-ज्येष्ठातले. आदल्या वर्षी, शके १२१७ च्या आषाढात, अरणचे सावता माळी गेले होते. म्हणजे दोन वर्षांच्या आत वारकऱ्यांच्या पहिल्या पिढीतली पाच नावे निघून गेली आणि नामदेव मागे राहिले, ते पुढे अर्धे शतक.

आळंदीची कार्तिकी शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला सोयीची पडते. आषाढीला लावणी अंगावर असते, चिखलातून पाय निघत नाही. कार्तिकात भात कापून खळ्यावर आलेले असते, झोडणी उरकली वा उरकत आलेली असते, आणि पाऊस गेल्याने घाटवाट कोरडी. ठाणे जिल्ह्यातल्या दिंड्या याच दिवसांत माळशेज चढून जुन्नरमार्गे आळंदीला जातात. वद्य एकादशीला गर्दी, त्रयोदशीला समाधीचा सोहळा. वाट जवळपास तीच, जिच्याने कधी मिठाचे बैल वर जात.

या वर्षीच्या जन्मांची यादी मराठी मुलुखापुरती रिकामी आहे, आणि त्याचे कारण परंपरेतच आहे. इथे पुण्यतिथी राखली जाते, जन्मतिथी क्वचित. खुद्द ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९३ चा की ११९७ चा, यावर अजून दोन पक्ष आहेत. त्यामुळे समाधीच्या वेळी त्यांचे वय एकवीस की पंचवीस, हेही त्यानुसार बदलते. समाधीची तिथी मात्र कोणी हलवलेली नाही. युरोपात राजघराण्यातल्या मुलांचे जन्म दिवसासकट टिपून ठेवले जात, म्हणून १० ऑगस्ट १२९६ ला जन्मलेला बोहेमियाचा राजा जॉन यादीत येतो. हा पुढे आंधळा झाला, आणि १३४६ मध्ये क्रेसीच्या रणांगणात आपला घोडा सोबत्यांच्या घोड्यांना बांधून घेऊन लढाईत शिरला आणि पडला. बायझंटाइन धर्मचिंतक ग्रेगरी पालामास याचा जन्मही १२९६ च्या आसपासचाच धरतात.